विमान लावायचं कुठे

रविवार पेठ, पुणे
२ सप्टेंबर २००७

प्रिय खालिदभाई,

सलाम. आम्ही इकडे खुशाल आहोत, तूही तिकडे खुशाल असशील, शारजाचा उन्हाळा सोसवत असेल, वगैरे सगळं लिहिलं असं समज. शाळेत सुशीलाबाईंनी पत्राचा मायना असा घोटून घेतला होता की तो अजून हातातून जात नाही. पण आज मला घाई आहे.

पत्र कशाला, मेल कर, असं म्हणशील. मेल ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून जातात, आणि आमच्या ऑफिसात भिंतींना कान नाहीत, थेट योगेशसाहेबच आहेत. फोन करावा तर अम्मी शेजारी येऊन बसते आणि दर वाक्याला ‘काय म्हणतो, काय म्हणतो’ करते. म्हणून कागद घेतला.

तर बातमी अशी की आमचे रावसाहेब विमान घेताहेत.

हसू नकोस. तू गेलास तेव्हा मी त्यांची टायपिस्ट होते आणि त्यांचा एकच कारखाना होता, भोसरीचा. आता परदेशी गाड्यांच्या कंपन्या चाकणला येऊन बसल्या आहेत आणि त्या गाड्यांच्या सीटचे सांगाडे आम्ही करतो. नाशिक, औरंगाबाद, बेळगाव, सगळीकडे कारखाने झाले. मी अ‍ॅडमिनची मॅनेजर झाले. रावसाहेब मात्र रस्त्यावर आले, म्हणजे खरोखरच, दिवसभर गाडीतच असतात. जुलैत ते चाकणच्या चौकात अडकले आणि तिकडे नाशिकला जपानी पाहुणे वाट बघून निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, “नाजिमाबाई, आपल्याला विमान घ्यायचं हाय. बघा जरा.” गेल्या वर्षी वॉटर कूलर घ्यायचा होता तेव्हाही याच आवाजात म्हणाले होते.

नवं नाही, वापरलेलं. सहा जणांचं छोटं जेट, अमेरिकेत कुणा दात तयार करणाऱ्या कंपनीचं होतं. रावसाहेबांचे चिरंजीव योगेशसाहेब तिकडून एमबीए करून आल्यामुळे ‘सेकंड-हँड’ म्हणू देत नाहीत. “प्री-ओन्ड म्हणा, मॅडम.” रावसाहेबांनी विचारलं, “म्हणजे जुनंच ना?” सिंगापूरचा एक दलाल आहे, त्याच्याकडून विमानाच्या पहिल्या उड्डाणाची तारीख आणि वेळ मागवली. तो बिचारा समजला, इंजिनाची माहिती हवी आहे. रावसाहेबांनी गुरुजींकडून विमानाची पत्रिका करून घेतली आणि आपल्या पत्रिकेशी ताडून बघितली. जुळली. आता रंग कोणता, गाद्या कसल्या, शेपटीवर कुलदैवताचं नाव मराठीत की इंग्रजीत, यावर घरात भांडणं चालू आहेत.

आणि विमानाला पायलट लागतो.

रावसाहेबांना बाहेरचा माणूस नको. “जीव त्याच्या हातात, ओळखीतला पाहिजे.” मी तुझं नाव सांगितलं. तू अशी छोटी जेट चालवली आहेस, आता मालवाहू विमानं चालवतोस, सगळं सांगितलं. ते म्हणाले, “दादामियाँचा पोरगा ना? शिलाई मशिनवाले? मग काय विचारायचं.” त्यांच्या आईचं मशिन अब्बांनी दुरुस्त केलेलं आहे, आणि त्यांच्या लेखी एवढी शिफारस पुरते.

म्हणून लिहिते आहे. तुझी माहिती पाठव, लायसन्स, तास, जे काय असतं ते. घरचं सगळं नेहमीसारखं. अब्बा दुकानात जातात, हल्ली जरा उशिरा जातात. मशिनं कमी केली आहेत, घरी शिवतं कोण आता. अम्मीने लिंबाचं लोणचं तुझ्या नावाने वेगळं काढून ठेवलं आहे, ते दर वर्षी आम्हीच खातो.

लवकर कळव. मला वाट बघण्याची सवय आहे, पण आवड नाही.

तुझी
नाजिमा


रविवार पेठ, पुणे
३० सप्टेंबर २००७

प्रिय खालिदभाई,

तुझा मेल आला. इतका लांब मेल तू गेल्या कित्येक वर्षांत लिहिला नव्हतास. इंजिनाचे तास किती, शेवटची मोठी तपासणी कुठे झाली, रंगाखाली गंज आहे का ते पाहिलं का, विमान अमेरिकेत समुद्रकाठी होतं की आत. मी सगळं दलालाला विचारलं, उत्तरं सोबत पाठवते. तो म्हणाला, तुमचा माणूस जाणकार दिसतो. मला अभिमान वाटला, आणि मग मी मेल पुन्हा वाचला. अब्बा उशिरा का जातात, हे तू विचारलं नाहीस.

रागावले होते. मग वाटलं, मी तरी ते धड कुठे लिहिलं होतं? लोणच्यात लपवलं.

आधी विमानाचं सांगते, त्याची तुला जास्त उत्सुकता.

गणपतीत विमान दाखवायला आणलं. पुणे ते बेळगाव आणि परत. रावसाहेब, योगेशसाहेब, वहिनीसाहेब आणि मी. माझा रोजा होता. रावसाहेबांनी नारळ आणला होता, तो सुरक्षावाल्यांनी आत नेऊ दिला नाही, तेव्हा त्यांनी तो बाहेर पार्किंगमध्ये आपल्याच जुन्या गाडीपुढे फोडला. आत गेलो तर हवाईदलाचा सराव चालू. लोहगावचा विमानतळ त्यांचा, आपण पाहुणे. लढाऊ विमानं एकामागून एक कानठळ्या बसवत गेली आणि आम्ही सहा खुर्च्यांच्या त्या डबीत पट्टे बांधून बसून राहिलो. रावसाहेब म्हणाले, “हितं बी चाकणच हाय की.”

पण उडालो तेव्हा, खालिदभाई, मी काय सांगू. विमान वळलं आणि खाली खडकवासल्याचं पाणी आलं. त्या काठावर बसून तू एनडीएच्या पोरांकडे बघत राहायचास आणि मी तुझ्या हातातले शेंगदाणे संपवायची. शहर मागे राहिलं. कुठे मंडई, कुठे आपली गल्ली, काही कळेना. अब्बा-अम्मी खाली होते आणि मी वर. मला वाटलं होतं भीती वाटेल. मला खाली यायचं नव्हतं. एवढंच वाटत होतं, की हे असंच पुढे जाऊ दे, बेळगावच्याही पुढे.

परत आलो तर पायलटची घाई. उतरा, उतरा, अंधार व्हायच्या आत मुंबईला जायचं आहे. रावसाहेब धावपट्टीच्या कडेला पेढे वाटत होते, त्यांना काही वाटलं नाही. मला वाटलं, कारण मला कारण माहीत होतं.

पुण्यात विमान उभं करायला जागा नाही.

मी ऑगस्टमध्येच चौकशी केली होती, माझं कामच ते. तिथले एक अधिकारी फोनवर म्हणाले, “बाई, या, माणसं उतरवा, माणसं भरा, निघा. मुक्कामाला जागा मिळायची नाही. पुढे कधी होईल ते आम्हालाही माहीत नाही.” या शहरात माणूस स्कूटर घेतानासुद्धा आधी ती लावायची कुठे ते बघतो. आमच्या लोकांनी विमानाची पत्रिका बघितली, रंग बघितला, गाद्या बघितल्या. लावायचं कुठे, ते एकानेही विचारलं नाही. ते मी बघितलं असेल असं सगळे धरून चालले होते. मी बघितलं होतं. आणि मी गप्प बसले.

जागा औरंगाबादला मिळते. म्हणजे असं होणार: रावसाहेबांना औरंगाबादला जायचं असेल तर विमान सकाळी औरंगाबादहून रिकामं पुण्याला येणार, त्यांना घेऊन औरंगाबादला जाणार, संध्याकाळी त्यांना पुण्यात सोडणार आणि झोपायला परत औरंगाबादला जाणार. एवढ्यात तर मोटारीने माणूस जाऊन येऊन जेवून झोपतो.

सौदा गेल्याच आठवड्यात व्हायचा. दलाल कागद घेऊन आला, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे म्हणाला. पण पितृपंधरवडा लागला. रावसाहेब म्हणाले, “ह्या दिवसांत आपण चप्पल घेत न्हाई, विमान घेऊ?” योगेशसाहेबांनी डोकं चालवलं. “पण बाबा, टेक्निकली ते नवीन नाहीच आहे. प्री-ओन्ड आहे.” रावसाहेब म्हणाले, “जुनं त्या दातवाल्याला. आपल्या दारात येतंय ते नवंच.” मग सिंगापूरच्या माणसाला पितृपक्ष म्हणजे काय ते इंग्रजीतून समजावून सांगायचं काम कुणाकडे आलं? माझ्याकडे. रोज्याच्या उपाशी पोटी मी त्याला सांगितलं, की या पंधरवड्यात त्यांचे गेलेले वाडवडील जेवायला येतात, आणि ते येऊन जाईपर्यंत खरेदी होत नाही. त्याने विचारलं, त्यांचीही सही लागते का?

तर आता दसऱ्याचा मुहूर्त. तोवर मला हे पोटात घेऊन बसायचं आहे. सौदा लगेच झाला असता तर बरं झालं असतं. माझ्या हातात काही उरलं नसतं. आता रोज सकाळी ऑफिसला जाताना ठरवते सांगायचं, आणि रोज न सांगता घरी येते.

का सांगत नाही, ते तुला कळलं असेल. जाताना तू अब्बांना काय म्हणालास ते मी विसरले नाही. त्यांनी दुकानात बस म्हटलं, आणि तू म्हणालास, पुण्यात माझ्यासाठी विमान येऊन उभं राहील तेव्हा मी येईन. अब्बा म्हणाले, दार उघडंच आहे, मात्र विमान आत येणार नाही. दोघंही बोलण्यात पक्के पुणेकर. त्यानंतर ईदला फोन, बस्स. मला वाटलं, निदान तुझी अट तरी पुरी करून बघू.

पण जिथे विमान झोपतं तिथेच पायलट झोपतो, हे मला परवा दलालाच्या बोलण्यातून कळलं. तू औरंगाबादला हॉटेलात राहणार. म्हणजे मी एवढं सगळं करूनही तू घरी नाहीसच. तरीही मी गप्प आहे. औरंगाबाद शारजापेक्षा जवळ, असा हिशोब मन करत राहतं.

आता अब्बा. त्यांचे हात कापतात. कंपवात आहे, डॉक्टर म्हणतात. दीड वर्ष झालं. मशिन खोलतात आणि स्क्रू हातातून उडून जातो, मग जमिनीवर बसून शोधत राहतात आणि मला म्हणतात, काही नाही, झाडून काढतोय. गिऱ्हाईकं हळूहळू कमी झाली, मशिनं त्यामुळे कमी केली. कपातून चहा सांडतो म्हणून पाहुण्यांसमोर ते चहा घेत नाहीत. मला सक्त ताकीद आहे, “खालिद को मत बोल.” मी आज ती मोडली. मला भीती वाटते, भाईजान. रोज वाटते.

काय करू ते कळव. नको, कळवू नकोस. तू काय कळवशील ते वाचायचा धीर मला नाही.

तुझी
नाजिमा


रविवार पेठ, पुणे
२२ ऑक्टोबर २००७

प्रिय खालिदभाई,

ईदला तुझा फोन आला तेव्हा मी गच्चीवर होते, मुद्दामच. अम्मी म्हणाली, तू अब्बांच्या तब्येतीचं विचारलंस, आणि अब्बांनी ‘एकदम फर्स्ट क्लास’ सांगितलं. रिसीव्हर अम्मीने त्यांच्या कानाला धरला होता, हे तुला दिसलं नसेल.

काल दसरा झाला. विमान आलं नाही. ते आता येणारही नाही.

नवरात्रात मी रावसाहेबांच्या केबिनमध्ये गेले, दार लावलं आणि सांगून टाकलं. विमान पुण्यात उभं राहू शकत नाही. औरंगाबादचा घोळ कागदावर रेघा मारून दाखवला. त्यांनी त्या रेघांवरून पुणे-औरंगाबाद असं बोट फिरवलं. मग म्हणाले, “हे तुम्हाला कधीपासून ठाऊक हाय?”

“ऑगस्टपासून.”

“आन बोलला न्हाईत.”

“भाऊ घरी यावा म्हणून.”

मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर मी रडून मोकळी झाले असते. त्यांनी पाणी मागवलं, मला दिलं आणि म्हणाले, “मी पोरवयात मुंबईला पळालो व्हतो. आमच्या आईनं एक पोस्टकार्ड टाकलं, ‘ये’ म्हणून. मी आलो. तुम्ही भावाला बोलवायला विमान घ्यायला निघालात, बाई. तेही माझ्या पैशानं.”

मला हसू आलं आणि त्याचंच रडू झालं. राजीनामा लिहून आणला होता, तो पुढे केला. म्हणाले, “हा याच्यासाठी का?” मी नाही म्हणाले. तो आधीच लिहिलेला होता.

आणि आता ती गोष्ट सांगते, जी मी दोन्ही पत्रांत लिहिली नाही. अब्बांचे हात लिहून टाकले, पण ही लिहिता आली नाही.

आमच्या कारखान्यांत दोन वर्षांपूर्वी नवं सॉफ्टवेअर बसवलं, सगळा माल, पगार, खरेदी त्यात. ते बसवणाऱ्या लोकांबरोबर मी रोज उशिरापर्यंत बसायची. मला ते आवडलं. नुसतं जमलं नाही, आवडलं. मी परीक्षा दिली, घरी कुणाला न सांगता. हिंजवडीच्या एका कंपनीने मला घेतलं आहे, आणि ते मला पहिल्यांदा पाठवताहेत जर्मनीत, श्टुटगार्टला. निदान दोन वर्षं. डिसेंबरात, बकरी ईदच्या आधी निघायचं.

म्हणजे तुझी अट पुरी करत होते, अब्बांसाठी करत होते, हे खरं, पण सगळं खरं नव्हे. तू आलास की मी सुटणार होते. दवाखाना, दुकानाचं कुलूप, अम्मीच्या डोळ्यांचे थेंब, नळाला पाणी आलं का, हे सगळं तुझ्या हातात देऊन मी जाणार होते. तू पळालास तेव्हा तुला कुणी विचारलं नाही, घरात कोण राहणार. कारण मी होते. मला तुझा राग आहे, खालिदभाई. खूप आहे. आणि तू माझ्याआधी केलंस याचा हेवाही आहे.

अब्बांना ईदच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं. शीरखुर्म्याची वाटी मी त्यांच्या हाताखाली धरली होती. त्यांनी चमचा खाली ठेवला. मला वाटलं, आता दुकान निघणार, लग्न निघणार. ते म्हणाले, “तिकडे थंडी असेल. स्वेटर चांगला घे, मंडईजवळून घेऊ नकोस, फसवतात.” अम्मी आत जाऊन भांडी घासत राहिली, घासलेलीच.

संध्याकाळी अब्बांनी मला परत बोलावलं. माझं जाणं तुला कळवायचं नाही म्हणाले. “वो समझेगा, मैं बुला रहा हूँ।” मी विचारलं, नाही बोलवत आहात का? तर उठून दुकानात गेले. दुकान बंद होतं. बाहेरच्या पायरीवर बसून आले.

रावसाहेबांनी दसऱ्याला विमानाऐवजी मोठी गाडी घेतली, मागे बसून झोपता येतं अशी. चाकणला अडकलो तर निदान झोप तरी होईल म्हणतात. सिंगापूरवाल्याने ते जेट दुसऱ्याला विकलंही. योगेशसाहेब माझ्याशी बोलत नाहीत, कॉरिडॉरमध्ये “मॅडम, यू किल्ड अ ग्रेट डील” एवढं म्हणून गेले. रावसाहेबांनी राजीनामा घेतला आणि वर एक शिफारसपत्रही दिलं. त्यात मी ‘विश्वासू’ असल्याचं लिहिलं आहे. तो शब्द ठेवू का, असं त्यांनी आधी मला विचारलं. मी म्हटलं, तुम्ही ठरवा. त्यांनी ठेवला.

आता माझ्याकडे तुला देण्यासारखं काही नाही. नोकरी नाही, विमान नाही. अब्बा माफी मागतील असंही नाही; मागितली तर मीच घाबरेन. दुकानात आता जेमतेम चालणारी मशिनं आहेत आणि त्यांच्यापेक्षा वाईट चालणारा मालक आहे. तू आलास तर तुला त्यांच्या कपाखाली हात धरावा लागेल, आणि ते तुझ्यावर चिडतील. तरीही धरावा लागेल.

तू नाही आलास तर? शेजारच्या हिराला सांगून ठेवलं आहे, ती दिवसातून एकदा डोकावेल. एवढीच तयारी. एवढ्या तयारीवर आईबापांना सोडून जाणारी मुलगी चांगली नव्हे, हे मला पेठेतले लोक सांगतील, तू सांगू नकोस. मी पुष्कळदा विचार केला, राहू का. प्रत्येक वेळी उत्तर हो आलं, आणि प्रत्येक वेळी मी तिकीट रद्द केलं नाही.

अब्बांनी तुला बोलावलेलं नाही. अम्मीने बोलावलेलं नाही, ती घाबरते. मी बोलावते आहे. ये.

निघालेली,
तुझी नाजिमा